कांजी वाचताना नेमकं कुठे अडतं? एका विद्यार्थिनीचे चौदा आठवडे

ऑगस्टच्या शेवटी ती निकाल घेऊन माझ्या नौपाड्यातल्या घरी आली. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ पातळी (पाचपैकी मधली), १८० पैकी ८८ गुण. उत्तीर्ण व्हायला ९५ लागतात. या परीक्षेत भाषाज्ञान, वाचन आणि श्रवण असे साठ-साठ गुणांचे तीन भाग असतात आणि प्रत्येकात किमान १९ मिळवावे लागतात. ती अट तिने तिन्हीकडे पूर्ण केली होती: श्रवणात ३८, वाचनात २८, भाषाज्ञानात २२. भाषाज्ञानाच्या खाली शब्दसंग्रह आणि व्याकरण यांची श्रेणी वेगवेगळी छापलेली असते. व्याकरणाला बी होती, शब्दसंग्रहाला सी.

"सेन्सेइ, ऐकलं की मला कळतं हो. तेच लिहिलेलं समोर आलं की मी थांबते," ती म्हणाली. (सेन्सेइ म्हणजे शिक्षक.)

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण जपानी शिकणाऱ्या मराठी मुलामुलींकडून हे वाक्य मी सतत ऐकते आणि त्यावर बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: अजून पाठ कर. तिने पाठ करण्यात काहीच कसूर ठेवली नव्हती.

ती सत्तावीस वर्षांची, कळव्याला आईवडिलांबरोबर राहते. महापे एमआयडीसीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगच्या टीममध्ये आहे आणि तिचा ग्राहक जपानी आहे. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने कोपरखैरणे, पुढे शेअर रिक्षा. दोन वर्षं रोज जपानी कॉल ऐकून कान तयार झाला होता. माझ्याकडे ती मे महिन्यापासून येत होती, पण फक्त व्याकरणासाठी. कांजी, म्हणजे जपानी लेखनातली चिन्हं, घरी करते, असं तिने सांगितलं आणि मी ते तसंच मान्य केलं. तिच्या वह्या मी तेव्हाच बघायला हव्या होत्या.

त्या दिवशी बघितल्या. दोन जाड लाँगबुक. प्रत्येक पानावर चार रकाने: चिन्ह, अर्थ, आणि उच्चाराचे दोन प्रकार, ओन आणि कुन. आधीच्या क्लासमध्ये वाटलेल्या तक्त्याचीच ही नक्कल होती. सुमारे ३७० कांजी झाल्या होत्या, प्रत्येक वीस-वीस वेळा गिरवलेली, अक्षर अतिशय देखणं. वाचनं, म्हणजे उच्चार, मात्र रोमन लिपीत लिहिलेली. फोनमध्ये तयार कार्डांचा एक मोठा गठ्ठा उतरवून घेतला होता आणि त्यात सहाशेच्या वर कार्डं उजळणीवाचून साचली होती.

ज्यांचा जपानीशी संबंध नाही त्यांच्यासाठी अडचण थोडक्यात सांगते. कांजी म्हणजे चीनमधून आलेली चिन्हं. ती घेताना जपानने चिन्हाबरोबर चिनी उच्चारही आपल्या जिभेवर बसवून घेतला, तो ओन. आणि त्याच अर्थाचा आपला मूळचा शब्दही त्याच चिन्हाला जोडला, तो कुन. ही देवाणघेवाण काही शतकं चालली, त्यामुळे एकाच चिन्हाला वेगवेगळ्या काळातले दोन-तीन ओनसुद्धा असतात. नेहमीच्या वापरातल्या कांजींच्या २०१० च्या अधिकृत जोऽयोऽ यादीत २,१३६ कांजी आहेत आणि त्यांची मान्य वाचनं ४,३८८. 'जीवन, जन्म' या अर्थाची पाच फटकाऱ्यांची साधी कांजी घ्या. या एकटीची त्या यादीत बारा वाचनं आहेत. विद्यार्थी म्हणजे गाकुसेइ, तिथे ती 'सेइ'. आयुष्यभर म्हणजे इश्श्योऽ, तिथे 'श्योऽ'. कच्चं म्हणायचं तर 'नामा', जगणं 'इकिरु', जन्मणं 'उमारेरु', उगवणं 'हाएरु'. तिच्या वहीत ही सगळी वाचनं व्यवस्थित लिहिलेली होती. तरीही 'इश्श्योऽ' समोर ठेवल्यावर तिने 'इस्सेइ' वाचलं. बारा किल्ल्यांचा जुडगा हातात होता, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे माहीत नव्हतं.

आधी चुका मोजल्या

पद्धत बदलण्याआधी ती नेमकी कुठे अडते ते बघायचं ठरवलं. एन-३ च्या धाटणीचे साठ शब्द मी कांजीत लिहिले आणि तिला प्रत्येकाचं वाचन हिरागानात, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या जपानी लिपीत, लिहायला सांगितलं. पर्याय दिले नाहीत. साठपैकी ३१ चुकले. मग आम्ही दोघींनी जेवणाच्या टेबलावर बसून प्रत्येक चूक कशामुळे झाली ते ठरवलं.

ओन-कुनची गल्लत ८ ठिकाणी होती. दिसायला सारख्या कांजींची अदलाबदल ५ ठिकाणी. शब्दच माहीत नव्हता असे ४. आणि उरलेल्या १४ चुकांत तिने वाचन बरोबर ओळखलं होतं, फक्त स्वराची लांबी किंवा द्वित्त चुकलं होतं. माहिती म्हणजे 'ज्योऽहोऽ', तिने लिहिलं 'ज्योहो'. निकाल म्हणजे 'केक्का', तिने लिहिलं 'केका'.

हा आकडा बघून ती गप्पच झाली. तिच्या मते कच्चं होतं ते पाठांतर. प्रत्यक्षात जवळजवळ निम्म्या चुका कानाच्या आणि लिपीच्या होत्या. परीक्षेतला प्रश्नही नेमका इथेच पकडतो: वाक्यातला एक शब्द अधोरेखित आणि खाली हिरागानात चार पर्याय, एकात पहिला स्वर लांब, एकात दुसरा, एकात दोन्ही, एकात एकही नाही. ज्याने 'जोहो' असं रोमनमध्ये पाठ केलंय, त्याला चारही सारखेच दिसतात.

मराठी माणसाला ही अडचण का येते, हे मला या टेबलावर नीट उमगलं. शाळेत वृत्तं शिकताना आपण मात्रा मोजतो: लघू एक, गुरू दोन. जपानी उच्चारही असाच मोजून चालतो. हायकूतले पाच-सात-पाच हे ठोके म्हणजे जवळपास आपल्या मात्राच. जोडाक्षराआधीचं अक्षर आपण गुरू धरतो, म्हणून 'सज्जन' चार मात्रांचा. शाळा म्हणजे 'गाक्कोऽ', जपानीत तोही चार ठोक्यांचा: गा, थांबा, को, ओ. इथपर्यंत आपलं व्याकरण आपल्या बाजूने आहे. पण आपल्या वृत्तात ए आणि ओ नेहमी गुरू. ऱ्हस्व ओ आपल्याकडे वेगळा नाहीच. जपानीत तो आहे, आणि लांब-आखूड बदललं की शब्द बदलतो. 'कोको' म्हणजे इथे, 'कोऽकोऽ' म्हणजे उच्च माध्यमिक शाळा. इ-उचा फरक आपण लिहितो, बोलताना फारसा पाळत नाही. जपानीत 'शुजिन' म्हणजे नवरा किंवा मालक आणि 'शुऽजिन' म्हणजे कैदी. (दंत्य च-ज मात्र आपल्याला फुकट मिळालेत. जपानीतला त्सु 'चमचा' म्हणणाऱ्याला फारसा शिकवावा लागत नाही.)

पर्याय कोणते होते

डिसेंबरचा पहिला रविवार म्हणजे चौदा आठवडे हातात. दिवसाकाठी लोकलची वीस-वीस मिनिटं आणि रात्री अर्धा तास. जे काही निवडायचं ते याच मापात बसवायचं होतं.

तक्ता पूर्ण करणं हा तिचा स्वतःचा आग्रह होता. "एन-३ ला साडेसहाशे लागतात ना? माझ्या अजून पावणेतीनशे राहिल्यात." पण २०१० पासून परीक्षा घेणारे कांजींची अधिकृत यादी देतच नाहीत. बाजारातल्या याद्या प्रकाशकांनी अनुभवावरून बांधलेल्या असतात. आणि तक्त्याने तिला काय दिलं ते समोर दिसत होतं.

दुसरी एक पद्धत आहे: आधी दोन हजारांवर कांजींचे फक्त आकार आणि अर्थ गोष्टी रचून लक्षात ठेवायचे, वाचनं नंतर. जपानमध्ये दोन-तीन वर्षं राहायला निघालेल्या कुणाला ती मी विचारपूर्वक सुचवेन. चौदा आठवड्यांत वाचनाची परीक्षा द्यायची असेल, तर नाही. गिरवण्याबद्दलही तसंच. या परीक्षेत हाताने एकही कांजी लिहायची नसते. हात चालवल्याने आकार पक्का होतो हे खरं, म्हणून ज्या कांजी एकमेकींत मिसळतात तेवढ्याच गिरवायच्या असं ठरलं.

फोनमधल्या कार्डांविषयी ती विचारत होती, "आंकी हे अ‍ॅप वापरू की ते दुसरं घेऊ?" विसरायच्या बेतात असताना पुन्हा समोर आणणं ही कल्पना पक्की आहे. १८८५ मध्ये एबिंगहाउसने स्वतःवर प्रयोग करून विस्मरणाचा वेग मोजला, तेव्हापासून ती टिकून आहे. पण अ‍ॅप हा डबा आहे. डब्यात काय भरायचं, हा खरा प्रश्न होता.

माझं मत ठाम आहे. वाचन कांजीला चिकटलेलं नसतं, ते शब्दाला चिकटलेलं असतं. मराठी माणसाला हे पटवायला जपानी लागतच नाही. आपण तहान लागली की पाणी मागतो, पण पोहण्याच्या शर्यतीला 'जलतरण' म्हणतो. 'पाणीतरण' कुणी म्हणत नाही. जल-पाणी-नीर असा तक्ता कुणी आपल्याकडून घोकून घेतला नव्हता, शब्द कानावर पडले आणि कुठे काय बसतं ते कळत गेलं. जपानीत एकटं पाणी 'मिझु', आणि पोहणं 'सुइएइ': सुइ म्हणजे जल, एइ म्हणजे तरण, अगदी जलतरणच. हात एकटा असला की 'ते', हस्तांदोलन म्हटलं की 'आकुशु', आणि त्यातला 'शु' म्हणजे हस्त. तुलना शेवटपर्यंत ताणता येत नाही, कारण आपला हात हस्तापासूनच आला आणि जपानी 'ते'चा चिनी 'शु'शी काही संबंध नाही. पण वापराचा धर्म तोच: जोडून आलं तर बहुधा ओन, एकटं आलं तर कुन. अपवादसुद्धा ओळखीचे. आपण 'पाणीप्रश्न' म्हणतो, अर्धा घरचा, अर्धा संस्कृत. जपानीत जागेला 'बाशो' म्हणतात, त्यातही पहिला अर्धा कुन आणि दुसरा ओन.

तिने लगेच विचारलं, "मग न पाहिलेला शब्द आला तर? शब्दच पाठ केले तर नवीन वाचणार कशी?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर कांजीच्या पोटात आहे. निम्म्याहून अधिक कांजींमध्ये एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा उच्चाराकडे. डोक्यावर छप्पर असलेलं एक चिन्ह आहे, 'कान'. पोलीस म्हणजे 'केइकान', त्यात ते एकटं उभं आहे. त्याच्या वर बांबू ठेवला की व्यवस्थापनाच्या 'कान्री'तला कान. डावीकडे खाण्याची खूण लावली की ग्रंथालयाच्या 'तोशोकान'मधला कान. तसंच निळ्या-हिरव्या रंगाचं 'सेइ'. पाण्याची खूण लावली तर स्वच्छ, सूर्याची लावली तर निरभ्र, बोलण्याची लावली तर मागणी, आणि तिन्हींचा ओन 'सेइ'च. हे शेवटचं ऐकताना ती एकदम सरळ बसली. "सेइक्यूऽश्यो! अहो, हा शब्द तर अकाउंट्सवाल्यांच्या कॉलवर रोज असतो." बिल, इनव्हॉइस. दोन वर्षं कानावर पडत असलेला शब्द तिने त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी ओळखला.

पण एकाच उच्चारखुणेच्या कांजींच्या अशा घराण्यांवर आंधळा भरवसा ठेवायचा नाही, हेही मी तिथेच दाखवलं. देवळाचं चिन्ह 'जि'. वेळ 'जि', धरणं 'जि', मात्र वाट पाहण्याच्या कांजीत तेच देऊळ बसलंय आणि ओन आहे 'ताइ'. विशेष या अर्थाच्या कांजीत 'तोकु'. म्हणून घराण्याचा उपयोग अंदाज बांधायला करायचा, आणि अंदाज शब्दावर ताडून बघायचा.

काय ठरलं आणि काय घडलं

जुना गठ्ठा पुसून टाकायला सांगितलं. ते तिला फार जड गेलं. नवी कार्डं तिने स्वतः बनवायची: पुढच्या बाजूला छोटं वाक्य, त्यात तो शब्द कांजीत, मागे वाचन फक्त हिरागानात. रोमन लिपी पूर्ण बंद. अगदीच अडलं तर देवनागरीत अवग्रह घालून, कारण 'ज्योऽहोऽ' मधला ऽ निदान डोळ्यांना दिसतो. रोज आठ शब्द, दहा आठवडे, म्हणजे ५६०. शेवटचे चार आठवडे नवीन काहीच नाही. आधी तिने कॉलवर ऐकलेले शब्द घ्यायचे, मग बाकीचे. एखादा ओन तिसऱ्यांदा भेटला की वहीच्या मागच्या पानावर त्याची नोंद. तक्ता तिला हवाच होता, तर तो असा खालून वर भरत जाऊ दे.

आणि कार्ड उलटण्याआधी शब्द बोटांवर मोजायचा. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावत जायचं, एका ठोक्याला एक बोट. 'ज्योऽहोऽ' म्हणजे चार बोटं. 'केक्का' म्हणजे तीन: के, थांबा, का. गाडीत उभं राहूनसुद्धा हे करता येतं.

पहिल्या दोन आठवड्यांत तिचा वेग इतका कमी होता की ती वैतागली. वीस मिनिटांत जेमतेम पंधरा कार्डं. आधी ती तेवढ्यात साठ उडवायची. मी तिला थांबू दिलं नाही. त्या साठमध्ये ती मागची बाजू बघून "हो, येतं" म्हणत होती. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून काढणाऱ्यांच्या आठवड्याभराने जास्त लक्षात राहतो. बोटं मोजताना तिला न बघता आठवावंच लागत होतं.

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट तिने स्वतः शोधली, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला तोच सर्वात मोलाचा क्षण. मागच्या पानावर तिने तीन शब्द एकाखाली एक लिहिले होते: निकाल 'केक्का', अपयश 'शिप्पाइ', निघणं 'शुप्पात्सु'. सुटे ओन बघितले तर 'केत्सु', 'शित्सु', 'शुत्सु'. "सेन्सेइ, त्सु संपला की तो पुढच्यात विरघळतो. हा तर संधी झाला!" खरंच झाला. ज्यांच्या शेवटी प्राचीन चिनीत त् होता, त्यांच्या शेवटी जपानीत त्सु आला, आणि पुढे क, स, त, ह आले की तो द्वित्त होतो. ह असेल तर त्याचा प बनतो. सत् अधिक जन, सज्जन. शुत्सु अधिक हात्सु, शुप्पात्सु. शेवटी 'कु' असेल तर मात्र तो फक्त क पुढे विरतो. म्हणून शाळा 'गाक्कोऽ', पण विद्यार्थी 'गाकुसेइ'. हा एक नियम हाती लागल्यावर द्वित्ताच्या चुका दोन आठवड्यांत जवळपास थांबल्या.

ऑक्टोबरात कंपनीत रिलीज आलं. रात्री साडेदहाला घरी, शनिवारही गेला. असा खंड पडला की कार्डं साचतात, साचली की भीती वाटते आणि मग अ‍ॅप उघडायलाच नको होतं. मागच्या वेळी हेच झालं होतं. आम्ही दोन आठवडे नवीन शब्द आठवरून चारवर आणले. उजळणी मात्र एकही दिवस सोडायची नाही, दिवाळीत फराळाच्या आधी का होईना. ५६० चे ५०४ झाले. मला ते पुरेसे वाटले.

क्रियापदांनी थोडं छळलं. 'उघडणे' या कांजीपुढे एकच 'कु' लिहिलेला असेल तर तो 'आकु' असू शकतो, 'हिराकु'ही असू शकतो. तिथे आजूबाजूच्या वाक्यालाच विचारावं लागतं, म्हणून कार्डावर वाक्य हवंच. 'क्योऽ' म्हणजे आज, 'ओतोना' म्हणजे मोठं माणूस, 'हेता' म्हणजे न जमणारा, असले अख्खे शब्द तुकडे न पाडता गिळायचे. त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

नोव्हेंबरच्या मध्याला मी पुन्हा साठ शब्द दिले, वेगळे. १३ चुकले. लांबी-द्वित्ताच्या चुका १४ वरून ३ वर आल्या होत्या. सात ठिकाणी शब्दच माहीत नव्हता, तरी त्यातल्या दोन शब्दांचा निम्मा भाग तिने घराण्यावरून बरोबर ओळखला होता.

जानेवारीच्या शेवटी निकाल लागला: १८० पैकी १०९, भाषाज्ञानात ३७, शब्दसंग्रहाची श्रेणी बी. उत्तीर्ण. सीवरून थेट ए झाली असती तर बरं वाटलं असतं, पण ५०४ शब्दांत एवढंच येणार होतं. हाताने लिहिणं अजून कच्चं आहे, ते आम्ही जाणूनबुजून मागे ठेवलं होतं. आणि काळजी घेण्याच्या कामासाठी जपानला निघालेल्या माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीला मी हीच आखणी देणार नाही. तिला वॉर्डातल्या पाट्या आणि औषधांच्या सूचना आधी वाचता यायला हव्यात, तिचे पहिले पाचशे शब्द वेगळे असतील.

फेब्रुवारीत एका रविवारी तिने ऑफिसातला प्रसंग सांगितला. ग्राहकाकडे नवा मॅनेजर आला होता. मेलखाली आडनावाची एकच कांजी, 'पूर्व दिशा'. पहिल्याच धड्यातली. टीममधला एकजण तिला म्हणाला, "अगं सोपं आहे, हिगाशी." तिने कार्डांत हा शब्द केला होता, एकटी आली तर कुन, म्हणजे हिगाशीच. पण हे माणसाचं नाव आहे, शब्द नाही, असं तिच्या मनात आलं. आडनावांची वाचनं जपानी माणसंही एकमेकांना विचारतात. कॉल सुरू झाल्यावर तिनेच विचारलं, "ओनामाए वा नान तो ओयोमी शिमास का?" आपलं नाव कसं वाचायचं?

"आझुमा," तो म्हणाला, आणि विचारल्याबद्दल त्याने तिचे आभार मानले.